चुडाव्याचे भुजंग काका

'प्रवाशांनी लक्ष द्यावे, परभणीहून जिंतूरला' इथपर्यंत बोललो आणि पुढचं 'जाणारी गाडी' तोंडातून आलंच नाही. माईकचं बटण दाबलेलं होतं. बाहेर कर्ण्यातून नुसती खरखर ऐकू येत होती, आणि माझ्या छातीवर मधोमध कुणी तरी तळहात टेकवून सगळा भार टाकला होता. दुखत होतं म्हणावं तर दुखत नव्हतं. श्वास होता, पण तो वापरता येत नव्हता. एकोणीस वर्षं मी परभणीच्या बस स्थानकात वाहतूक नियंत्रकाच्या खोलीत बसून गाड्या पुकारतोय. बायको म्हणते, शहराला तुमचा आवाज पाठ आहे, तोंड कुणी बघितलेलं नाही. तो आवाज असा अर्ध्या वाक्यात आडवा झाला आणि स्थानकात कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पेरूवाली पेरू विकत होती, कंडक्टर चहा पीत होते. खिडकीशी बोचकं घेऊन उभी असलेली एक म्हातारी तेवढी म्हणाली, "जितूरची गेली का काय ओ सायेब?" मी मान हलवली. सात-आठ सेकंदांनी छातीवरचा हात उचलला गेला. मी राहिलेलं वाक्य पुरं केलं, फलाट क्रमांक तीन सांगितला आणि बटण सोडलं. मानेवर, काखेत, पाठीवर गार घाम. जानेवारीतल्या सकाळी इतका घाम यायचं काही कारण नव्हतं. मला एकदम चुडाव्याचा मल्हार आठवला. दीड महिन्यापूर्वी तो गेला तेव्हा त्याचा सदरा पिळून काढावा इतका ओला होता, असं त्याची बायको सांगत होती. मल्हार माझा कोण, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, भावकीतला. माझं वय चव्वेचाळीस. त्यातली अडतीस वर्षं मी हेच सांगत आलोय.

पुढचे बारा दिवस मी स्वतःवर पाळत ठेवली. डेपोच्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. आधी तो हात अठराव्या पायरीवर यायचा, मग सोळाव्या, मग चौदाव्या. तिथे मी मोबाइल बघितल्याचं सोंग करून थांबायचो, मागून येणाऱ्याला वाट द्यायचो, वर 'या या, तुम्ही तरुण माणसं' असा विनोदही करायचो. पित्त असेल, असं तोंड आपोआप म्हणायचं. आमच्याकडे छातीतल्या कुठल्याही गोष्टीला पित्त, गॅस नाहीतर वारा म्हणतात. हृदय हा अवयव सिनेमावाल्यांचा, शेतकऱ्याच्या अंगात तो असतो हेच कुणी मान्य करत नाही. राजेश्रीला, म्हणजे बायकोला, मी सांगितलं की चाळिशी ओलांडलेल्यांनी तपासणी करून घ्या असा कागद आलाय. खोटं नव्हतं, कागद आला होता, फक्त आठ महिन्यांपूर्वी. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि मला न विचारता गावी फोन लावला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आबा दारात हजर. धोतर, टोपी, बगलेत हरभऱ्याच्या टहाळाची जुडी. "लेकाला दवाखान्यात एकलं कसं धाडावं?" म्हणाले. आबा म्हणजे आश्रुबा, माझे वडील. वय ब्याऐंशी, जिंतूरपासून नऊ किलोमीटरवर घर, अजून रोज पायी शेतात जातात. मी 'बरं झालं आलात' म्हणालो, पण ते यायला नको होते. मला ना सुईची भीती होती ना मशीनची. दवाखान्यात एक प्रश्न विचारतात, तो मी मोबाइलवर दहा वेळा वाचला होता. त्याचं उत्तर मला आबांच्या शेजारी बसून द्यावं लागणार होतं.

दवाखान्यात 'परमेश्वर आश्रुबा' अशी हाक आली तेव्हा आम्ही दोघेही उठलो. आपल्याकडे माणसाच्या नावाला बाप जोडलेलाच असतो, सुटा मिळत नाही. डॉक्टर निकिता मॅडम वयानं लहान, बोलायला मोकळ्या, परभणीतच वाढलेल्या असाव्यात. त्यांनी आधी आबांना खुर्ची दिली, मग माझा दंड आवळून रक्तदाब मोजला, एकशे अडतीस. वजन एकसष्ट. सदरा वर करायला लावून, करदोडा सरकवून त्यांनी पोटाभोवती फीत गुंडाळली. "चौऱ्याण्णव सेंटिमीटर," म्हणाल्या.

"आमचा परमेसर काडीवानी हाय," आबा म्हणाले. "त्याला कशाचं आलंय पोट?"

"तेच तर बाबा. हातपाय काडीचे आणि मधे चौऱ्याण्णव. गोऱ्या माणसाला एकशे दोनपर्यंत सूट असते, आपल्या लोकांना नव्वदलाच थांबायचं. आपली चरबी बाहेर दिसत नाही, आत जाऊन बसते. साखर लवकर होते, अटॅक लवकर येतो. तिकडं साठीत होतं ते इकडं पन्नाशीच्या आधीच."

"म्हंजे गोऱ्यापरीस आमी हलक्या मालाचे का काय?"

मॅडम हसल्या. "माल चांगलाय बाबा. मापं दुसऱ्याच्या अंगावर घेतलेली होती इतकी वर्षं. आता कुठं आपल्या बाजूच्या लोकांचा वेगळा तक्ता आलाय." त्यांनी टेबलावरच्या काचेखालचा कागद दाखवला. चौकोनच चौकोन, हिरवे, पिवळे, केशरी, लाल. एका बाजूला वय, दुसऱ्या बाजूला रक्तदाब, वरती बिडी-सिगारेट, साखर, खाली कोलेस्टेरॉल. आदल्या दिवशी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट बघत त्यांचं बोट आडवं सरकलं, मग उभं, आणि एका हिरव्या चौकोनावर थांबलं. बोटाच्या नखाला मेंदी होती. मी त्या चौकोनाकडे बघत राहिलो. तोच माझा होता, आणि तो माझा नाही हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

"दहा वर्षांत शंभरात पाचाच्या आत. चांगलंय," मॅडम म्हणाल्या. "पण या तक्त्यात एक रकाना नाही, तो मी तोंडानं विचारते. वडील, सख्खा भाऊ, कुणाला हार्टचा त्रास? पंचावन्नच्या आत कुणी अचानक गेलेलं?"

आबांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. तो तसाच ठेवून ते म्हणाले, "बाप तर मीच हाय की. ह्यो बगा समोर बसलोय. ब्याऐंशी चालूये, चष्मा सोडला तर कायबी न्हाई. ह्येचा आजा नव्वदीत गेला, दात शाबूत व्हते. आमच्या घरात हार्टबिर्ट कोनालाच न्हाई मॅडम." मॅडमनी लिहून घेतलं. आबा खोटं बोलले नव्हते. त्यांच्या हिशोबानं ते सगळं खरं होतं, आणि ते इतकं खरं करायला त्यांनी अख्खा जन्म खर्ची घातला होता. त्यांच्या तळहाताची ऊब माझ्या गुडघ्यात उतरत होती आणि मला वाटत होतं, या हाताला कळत असेल का, आतली शीर कशी उडतेय ती.

मी सहा वर्षांचा होतो. चुडाव्याच्या घरात दोन मुलगे, जिंतूरकडच्या घरात एकही नाही. भावकी एक, आडनाव एक, पण चार पिढ्यांपूर्वी दोन भावांनी दोन वाटा धरलेल्या, म्हणजे रक्त म्हणावं तर पार पातळ झालेलं. दत्तकविधानाला मंडप घातला होता. भटजींनी मंत्र म्हटले आणि मला कासाबाईच्या मांडीवरून उचलून चतुराबाईच्या मांडीवर ठेवलं. दोन मांड्यांमध्ये हातभर अंतर होतं. सकाळपर्यंत कासाबाई माझी माय होती, दुपारी जेवणावळ उठली तेव्हा ती कासाकाकू झाली होती. चतुराबाई माझी आई झाली, आणि ती मरेपर्यंत तिनं ते नातं असं निभावलं की त्यात कुठे जोड दिसू दिली नाही. भुजंग, म्हणजे मला जन्म देणारा माणूस, ज्याला मी दादा म्हणायचो, तो मला मंडपाच्या मागे घेऊन गेला आणि हसत हसत म्हणाला, "आता दादा म्हनायचं न्हाई बरं का. भुजंग काका म्हनायचं. म्हन बरं." मी म्हटलं. मला तो खेळ वाटला. संध्याकाळी बैलगाडीत बसताना आबांनी सगळ्या भावकीसमोर सांगितलं, "एकच बोलनं हाय माझं. ह्या पोराच्या पुडं पयल्या घराचं नाव काडायचं न्हाई. दोन डगरीवर पाय ठिवून लेकरू वाडत न्हाई." कुणी हरकत घेतली नाही. शहाणपणाचंच बोलणं होतं ते. मला विषमज्वर झाला तेव्हा याच माणसानं मला घोंगडीत गुंडाळून, खांद्यावर घेऊन चिखलातून जिंतूरचा दवाखाना गाठला होता. त्याच्याबद्दल माझी एकही तक्रार नाही, आणि हीच माझी सगळ्यांत मोठी अडचण आहे.

मी नऊ वर्षांचा असताना आबा शाळेत आले आणि म्हणाले, "चुडाव्याचे भुजंग काका गेले, चल." उन्हाळ्याचे दिवस होते. भुजंग काका चुडावा स्टेशनात पूर्णेला जाणाऱ्या पॅसेंजरची वाट बघत बसले होते. छाती चोळत म्हणाले, जरा पानी आना. पाणी येईपर्यंत बाकड्यावर कलले होते. वय एक्केचाळीस. ऊन लागलं, असं लोकांनी ठरवलं. म्हाताऱ्या बायका तर म्हणाल्या, काय भाग्याचं मरण, कुणाच्या हातचं खाल्लं नाही, कुणाला तसदी दिली नाही. दहाव्याला गेलो तेव्हा मल्हारचं डोकं भादरलेलं होतं, माझं नव्हतं. त्या गुळगुळीत डोक्याचा मला हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून लाजही वाटली. मी कासाकाकूजवळ जाऊन उभा राहिलो. तिनं पदर तोंडाला लावला, माझ्याकडे बघितलं नाही, आणि आतल्या बाईला म्हणाली, "जितूरचं पाव्हनं हाय, त्येला कपात द्या." बाकीच्या पोरांना चहा स्टीलच्या पेल्यात, मला कपबशीत. त्या कपाचा मला अजून राग येतो. बशीत सांडलेला चहा मी पाहुण्यासारखा निमूट पिऊन टाकला. मग पुढच्या पस्तीस वर्षांत कधी लग्नात, कधी तेराव्याला मल्हार भेटायचा. आम्ही 'काय चाललंय', 'बरं चाललंय' म्हणायचो. तो माझ्यासारखाच डाव्या हातानं कान खाजवायचा. दीड महिन्यापूर्वी कापूस वेचून आला, पित्त झालं म्हणाला, सोडा प्याला आणि बाजेवर आडवा झाला. सेहेचाळीस. अंत्यविधीला मी भावकीच्या लोकांत मागे उभा राहिलो, तिसऱ्या रांगेत. एक्केचाळीस आणि सेहेचाळीस, मधोमध मी.

"आणि तुम्हाला स्वतःला?" मॅडम माझ्याकडे बघत होत्या. "चालताना दाब, धाप, डावा हात जड? बाबांनी बोलायचं नाही आता, तुम्ही बोला."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. चौदावी पायरी. पण ते दिलं की पुढचा प्रश्न तोच येणार होता, पुन्हा, नीट खोदून. मी म्हणालो, "काही नाही मॅडम. कधी तरी पित्त." हे वाक्य माझं नव्हतंच, मल्हारचं होतं, आणि ते इतक्या सहज माझ्या जिभेवरून गेलं की मला माझीच भीती वाटली. मॅडमनी पुन्हा एकदा रिपोर्ट चाळला. त्यांना काहीतरी खटकलं असावं, पण बाहेर पंधरा माणसं बसलेली. त्यांनी फायलीवर 'कमी धोका' असं लिहिलं, मीठ कमी, रोज अर्धा तास चालणं, वर्षानं परत या, असं सांगितलं. फाईल मिटताना आबांकडे बघत मला म्हणाल्या, "नशीबवान आहात हो तुम्ही. वडिलांवर गेलात." आबांचा चेहरा असा उजळला की मी नजर खाली घातली. अडतीस वर्षांत कुणा परक्यानं त्यांना हे म्हटलं नव्हतं. आपला मुलगा आपल्यावर गेलाय, हे सरकारी मोजणीदारानं शेताची हद्द कायम करून द्यावी तसं आज डॉक्टरनं सांगितलं. मी ते त्यांच्याकडून कुठल्या तोंडानं काढून घेणार होतो?

बाहेर बाकावर बसलो. आबा खुशीत होते. शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी न विचारता सांगून टाकलं, "लेकाला दावायला आनलं व्हतं. हिरव्या चौकटीत निगाला." मग म्हणाले, "तू बस, मी पानी पिऊन येतो," आणि धोतराचा सोगा धरून पाण्याच्या नळाकडे गेले. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा मी एकटा होतो. समोर मॅडमचं दार, अर्धं उघडं, पुढच्या पेशंटला अजून हाक आली नव्हती. चार पावलं. आत जायचं, एक वाक्य बोलायचं, आबा येईपर्यंत परत येऊन बसायचं. पुढचं सगळं मॅडमच्या हातात. काहीतरी निमित्त काढून त्या मला परत बोलावतील, आबांना काही कळणार नाही. मी उठलोसुद्धा. दाराच्या कडेला हात लावला. आणि तिथेच खिळलो. ते वाक्य मी कधीच उच्चारलेलं नव्हतं, एकांतातसुद्धा नाही. राजेश्रीला लग्नाआधी सांगितलं ते मध्यस्थानं. भक्तीला, माझ्या मुलीला, तर ठाऊकही नाही. आणि आता पहिल्यांदा म्हणायचं ते असं, म्हातारा पाणी प्यायला गेलाय तेवढ्यात, पाठीमागे? हे म्हणजे त्याच्या घरात चोरी करून त्याच्याच घरी जेवायला बसणं. आबांना तोंडावर नाकारलं तर ते मला माफ करतील न करतील. पण त्यांना पाठीमागे नाकारलं तर मी स्वतःला कुठे ठेवू? मी दारावरचा हात काढला आणि परत येऊन बसलो. मला माझा संताप आला. मरायला टेकलेला माणूस आणि शिष्टाचार कसले पाळतो?

आबा नळाशी उभे होते, पुढच्या बाईच्या बाटल्या भरायची वाट बघत. माझा मोबाइल वाजला. भक्तीचा मेसेज होता: 'काय म्हणाले डॉक्टर? आजोबांसारखे शंभर वर्षं जगणार ना?' दहावीत आहे ती. हसरी बाहुली पाठवली होती. मी 'हो' लिहायला गेलो आणि माझं बोट तिथेच थांबलं. आजोबांसारखे. म्हणजे आणखी पंचवीस वर्षांनी कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी डॉक्टरपुढे ही पोरगी बसेल. तिला कुणी तरी विचारेल, घरात कुणी? आणि ती खुशाल सांगेल, आजोबा तर धडधाकट होते, शेवटपर्यंत शेतात जायचे. त्या डॉक्टरचं बोट हिरव्या चौकोनावर थांबेल. ती खोटं बोलणार नाही, आबांसारखीच. घर, शेत, आडनाव यांच्याबरोबर हे चुकीचं उत्तरही मी तिच्या नावावर करून जाणार होतो. भुजंग काकांचं रक्त माझ्यातून तिच्यात गेलंय, त्याला कुणी मांडीवरून उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवू शकत नाही. माझ्या मरणाचं मला तितकंसं वाटलं नव्हतं. हे मात्र सहन होईना.

आबा आले. धोतरावर पाण्याचे थेंब. "चल," म्हणाले, "साडेबाराची गाडी घावंल मला." मी उठलो नाही.

"आबा, मला परत आत जायचंय."

"कामून? काय राह्यलं?"

"मॅडमला एक सांगायचं राह्यलं. तुमी बी चला."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला फार सांगावं लागत नाही, निदान मला तसं वाटलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी मागे सरकलं. "न्हाई गेलं तर न्हाई चालत का?" असं त्यांनी अगदी हळू विचारलं. मी म्हणालो, न्हाई चालत. मग ते माझ्यापुढे होऊन दाराकडे चालू लागले, पुढे काय आहे ते ठाऊक असलेल्या माणसाच्या चालीनं, आणि मी त्यांच्या मागे.

मॅडमसमोर मी बसलो नाही. आबाही बसले नाहीत. मी म्हणालो, "मॅडम, मघाशी तुम्ही विचारलंत, वडील आणि सख्खा भाऊ." आवाज कोरडा होता, गाडी पुकारताना असतो तसा. मला दुसरा आवाज येत नाही. "चुडाव्याचे भुजंग काका. म्हणजे..." इथे मी थांबलो. छातीवर कुणाचा हात नव्हता, श्वास होता, आणि तरी पुढचा शब्द येत नव्हता. मी आबांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. "मला दत्तक दिलेलं आहे. सहाव्या वर्षी. मला जन्म देणारे वडील एक्केचाळीसाव्या वर्षी गेले, बसल्या जागी. सख्खा भाऊ दीड महिन्यापूर्वी गेला, सेहेचाळीस. आणि मला जिन्यावर दाब येतो. आधी अठराव्या पायरीवर यायचा, आता चौदाव्या पायरीवर येतो. गाडी पुकारताना एकदा आवाज बंद पडला." एवढं सगळं एका दमात म्हणून झालं. मॅडमनी आधी फाईल ओढली, 'कमी धोका' या अक्षरांवर आडवी रेघ मारली आणि मग वर बघितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "खाली बसा. आता कुठंही चालत जायचं नाही." कुणाला तरी फोन लावला, मोठ्या डॉक्टरांना थांबवून ठेवा म्हणाल्या. तो तक्ता काही त्रास नसलेल्यांसाठी असतो, दाब येणाऱ्या माणसाला तो लावायचाच नसतो, असं काहीतरी त्या सांगत होत्या. मी ऐकत नव्हतो. माझ्या डाव्या अंगाला आबांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी टोपी काढली होती. ती दोन्ही हातांत धरून ते आतल्या शिवणीकडे बघत होते. त्यांचं टक्कल मी फार वर्षांनी पाहिलं. ते फार लहान दिसत होतं.

मग सगळं भराभर झालं. कार्डिओग्रामची पट्टी काढली, रक्त घेतलं, दोन तास खाटेवर झोपवून ठेवलं. त्या दोन तासांत आबा पायथ्याशी स्टुलावर बसून होते आणि एक शब्द बोलले नाहीत.  मला वाटत होतं, ते उठतील आणि साडेबाराची नाहीतर दीडची गाडी पकडतील. दर वेळी ते जरा हलले की माझा जीव खालीवर व्हायचा. त्यांनी 'तुला काय कमी केलं रे' एवढं विचारलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. राजेश्रीला फोन गेला होता, ती भक्तीला घेऊन निघाली होती. रक्तात काही आलं नाही, पट्टीही फार बिघडलेली नव्हती. मोठे डॉक्टर म्हणाले, माझ्यासमोर मशीनच्या सरकत्या पट्ट्यावर चालवून बघू, दाब आला की लगेच थांबवू, मग नांदेडला पाठवायचं का ते ठरेल. माझ्या छातीवरचे केस भादरून त्यांनी दहा ठिकाणी तारा चिकटवल्या. मशीनवर उभं केलं, कठडा धरायला सांगितलं. मोठे डॉक्टर पडद्याकडे बघत उभे राहिले.

कमलबाई नावाच्या सिस्टर एक छापील कागद घेऊन आल्या. अशी तपासणी करताना जिवाला धोका असू शकतो, तो आम्हाला समजावून सांगितला आहे, खाली नातेवाइकाची सही. त्यांनी कागद आबांपुढे धरला, पेन दिलं. "बाबा, हितं सही करा. आन् हितं लिवा, तुमी पेशंटचे कोन."

आबांना लिहिता येतं. चौथीपर्यंत शिकलेत, सही वळणदार करतात. त्यांनी पेन घेतलं, आश्रुबा एवढं लिहिलं, आणि दुसऱ्या ओळीवर पेन टेकवून थांबले. सिस्टर घाईत होत्या. "लवकर बाबा. कोन लागता तुमी ह्यांचे?" आबांनी मान वर केली. सिस्टरकडे नाही, माझ्याकडे बघितलं. या माणसानं आयुष्यात कधी कुणाला विचारून उत्तर दिलेलं मला आठवत नाही. शेताचे तंटे, लग्नाच्या बोलण्या, माझं शिक्षण, सगळीकडे शेवटचा शब्द त्यांचा. ते म्हणाले, "परमेसर, हितं मी काय लिवू रे?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखर विचारत होते. दुपारपासून त्यांनी तो शब्द स्वतःजवळ ठेवला नव्हता, माझ्या हवाली करून टाकला होता. त्या दोन तासांच्या गप्पपणाचा अर्थ मला तेव्हा कळला आणि डोळ्यांपुढचं सगळं पाणी पाणी झालं. मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर काहीतरी उडालेलं बघितलं आणि म्हणाले, शांत राहा, अजून सुरू नाही केलं.

"बाप लिवा आबा," मी म्हणालो. "दुसरं काय लिवनार हाव तुमी?"

ते कागदावर वाकले. बराच वेळ लिहीत होते, दोनच तर अक्षरं. सिस्टर म्हणाल्या, "आता बाहेर बसा." आबा म्हणाले, "न्हाई, मी हितंच हाय," आणि कठड्याला धरलेल्या माझ्या हाताशेजारी येऊन उभे राहिले. पायाखालचा पट्टा सरकला. मी चालायला लागलो.